जुगाडाचं पेटंट काढून देतो म्हणून फोन आला? पैसे भरण्याआधी हे वाचा

पासली (ता. राजगड) : नाचणी मळायचा डबा, रानडुकरं हाकलायचा भोंगा, सायकलच्या चाकावरचं कोळपं, फवारणीच्या पंपाला बसवलेली गाडी. आपल्याकडं कुठल्याही वाडीवर जा, कोणी ना कोणी असलं काहीतरी करून ठेवलेलंच असतं. मोठी यंत्रं आपल्या खाचरात उतरत नाहीत आणि उतरली तरी बांधावर वळत नाहीत, म्हणून माणूस आपलं आपणच जुळवून घेतो. मग घरातलं पोरगं त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं. दोन-चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो. "साहेब, तुमचा शोध आमच्या तज्ज्ञांनी बघितला. फार मोठी गोष्ट आहे. पेटंट काढू, कंपनीला विकून देऊ, आयुष्यभर रॉयल्टी खा. फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे भरा."

मला असा फोन आला होता. जुन्या मोटरवर मी नाचणीची कणसं मळायचा डबा केला होता. मी साडेतीन हजार भरले, कारण फोनवरची बाई फार अदबीनं बोलत होती. आठ दिवसांनी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मोबाईलवर आलं आणि मी ते स्टेटसला ठेवलं. पुढं 'मार्केट रिपोर्ट'चे अठ्ठावीस हजार मागितले तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. प्रमाणपत्रावरचा नंबर नीट बघितला, तर तो पेटंटचा नव्हताच. तो त्यांच्याच संस्थेचा सभासद क्रमांक होता. साडेतीन हजार तर गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान व्हिडिओनं झालं. ते पुढं सांगतो.

धंदा चालतो कसा

या लोकांचं गिऱ्हाईक म्हणजे यंत्र विकत घेणारी कंपनी नव्हे, त्यांचं गिऱ्हाईक आपण. यंत्र विकलं जावो न जावो, त्यांची कमाई आपण भरलेल्या फीतून होते. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं उलगडतं. म्हणून ते कुठल्याही शोधाला वाईट म्हणत नाहीत. म्हणून पहिली रक्कम लहान असते. एकदा थोडे भरले की "आता इथवर आलोय तर" म्हणून माणूस पुढचे भरतो. मग मार्केट रिपोर्ट, मग थ्रीडी चित्र, मग परदेशी नोंदणी, मग दिल्लीत पुरस्कार सोहळा आणि त्यातल्या ट्रॉफीचे पैसेही आपल्याकडूनच.

अमेरिकेत हा धंदा फार जुना आहे. तिथल्या 'वर्ल्ड पेटंट मार्केटिंग' या कंपनीवर तिथल्या सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननं मार्च 2017 मध्ये खटला भरला. लोकांनी तिला हजारो डॉलर दिले होते, काहींनी घरातली सगळी पुंजी ओतली होती. कंपनीच्या सल्लागार मंडळावर मोठमोठी नावं होती. त्यातले एक गृहस्थ पुढं अमेरिकेचे हंगामी ॲटर्नी जनरलही झाले. तक्रार करणाऱ्या ग्राहकांना कंपनी वकिलाची भीती दाखवायची, असंही कमिशननं मांडलं होतं. 2018 मध्ये प्रकरण मिटलं. मालकाला या धंद्यात कायमची बंदी आली आणि सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलरचा आदेश निघाला.

हे सांगायचं कारण असं की अमेरिकेत 1999 पासून यासाठी कायदा आहे. अशा कंपनीनं करार करण्याआधी ग्राहकाला लेखी सांगावं लागतं, की गेल्या 5 वर्षांत आम्ही किती शोध तपासले, त्यातल्या किती चांगले म्हटलं आणि किती वाईट, आमच्याकडं किती ग्राहक आले आणि त्यांतल्या कितीजणांना भरलेल्या पैशापेक्षा जास्त मिळाले. आपल्याला तो कायदा लागू नाही, पण हेच प्रश्न फोनवर विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. "तुम्ही आजवर किती शोध नाकारलेत?" एवढं एकच विचारून बघा. मी नंतर एका दुसऱ्या फोनवाल्याला विचारलं, तर त्यानं फोनच ठेवला.

आणि समोरचा भामटाच असतो असंही नाही. शंकर आबाजी भिसे हे मुंबईत 1867 मध्ये जन्मलेले मराठी संशोधक. छपाईचे टाइप ओतायचं वेगवान यंत्र त्यांनी लंडनला जाऊन केलं. 'भारताचे एडिसन' म्हणून त्यांची ओळख. दादाभाई नौरोजींसारखा माणूस पाठीशी होता. तरी भांडवलाचं मोठं आश्वासन हवेत विरलं आणि 1908 च्या अखेरीस ते मुंबईला परत निघाले. नंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीनं टाटांचं पाठबळ मिळालं, 1910 मध्ये 'टाटा-भिसे' नावानं संस्थाही निघाली, पण तीही फार वर्षं टिकली नाही. ते 1935 मध्ये न्यूयॉर्कला वारले. चांगल्या माणसांनी दिलेला शब्दसुद्धा बाजारात टिकेल याची खात्री नसते. मग फोनवरच्या अनोळखी माणसाच्या शब्दावर खात्यातले पैसे का द्यायचे?

सरकारी फी किती, ते आधी पाठ करा

फसवणूक होते ती खरा आकडा माहीत नसल्यानं. एकट्या माणसाच्या नावानं पेटंटचा अर्ज ऑनलाइन केला तर सरकारी फी 1600 रुपये. कागदावर अर्ज दिला तर 1750. पुढं अर्जाची तपासणी करा म्हणून वेगळी मागणी करावी लागते, तिचे ऑनलाइन 4000 आणि कागदावर 4400. वर्णन 30 पानांच्या पुढं गेलं किंवा दावे 10 पेक्षा जास्त झाले तर थोडे वाढतात. म्हणजे साध्या यंत्राला सरकारचे साधारण 5600 रुपये. पेटंट मिळालं की तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी टिकवण्याची फी, सुरुवातीला वर्षाला 800 आणि पुढं वाढत जाते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं.

शोध अजून पुरता झाला नसेल तर 'तात्पुरतं वर्णन' देऊनही अर्ज करता येतो. फी तीच. त्या दिवसाची तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण वर्णन द्यायला 12 महिने मिळतात. आपल्यासारख्याला ही सोय फार कामाची. एक हंगाम यंत्र चालवून बघायचं, सुधारायचं, मग पुढचा खर्च करायचा का ते ठरवायचं. फोनवाले ही गोष्ट कधी सांगत नाहीत, कारण त्यांना घाई हवी असते.

पूर्ण अर्ज आपोआप तपासला जात नाही, ही मेख ध्यानात ठेवा. तपासणीची मागणी आता 31 महिन्यांच्या आत करावी लागते. 15 मार्च 2024 च्या आधीच्या अर्जांना ही मुदत 48 महिने होती. मागणी केली नाही तर अर्ज मागं घेतल्यासारखा होतो. काही लोक 1600 भरून आपल्याला पावती देतात, मोठी रक्कम घेतात आणि पुढं काहीच करत नाहीत. आपण पावतीला पेटंट समजून फ्रेम करून भिंतीला लावतो.

अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं नव्हे. 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, म्हणजेही मिळालं नव्हे. तपासणी अधिकारी हरकती काढतो, त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि मग मंजूर किंवा नामंजूर. याला वर्षं लागतात. "तीन महिन्यांत पेटंट, शंभर टक्के गॅरंटी" असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. ही गॅरंटी खुद्द पेटंट ऑफिसही देत नाही. आणि मंजूर न झालेल्या वस्तूवर 'पेटंटेड' असं छापून विकलं तर कायद्यानं आपल्यालाच दंड होऊ शकतो.

वकील किंवा एजंटची फी या सगळ्याहून वेगळी आणि ती सरकार ठरवत नाही. ती देणं चूक नाही. दावे नीट लिहिणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ढिसाळ लिहिलेलं पेटंट शेजारचा फॅब्रिकेटरही वळसा घालून चुकवतो. पण दोघा-तिघांना विचारा, आकडा लेखी घ्या आणि सरकारी फी किती व तुमची किती हे वेगवेगळं लिहून मागा.

नंबर तपासायचा कसा

भारतातल्या पेटंट अर्जाचा नंबर आता 12 आकडी असतो, मध्ये अक्षरं नसतात. पहिले चार आकडे वर्षाचे. पाचवा आकडा ऑफिसचा : 1 दिल्ली, 2 मुंबई, 3 कोलकाता, 4 चेन्नई. सहावा अर्जाचा प्रकार, साध्या अर्जाला 1. उरलेले सहा अनुक्रमांक. महाराष्ट्रातला माणूस मुंबई ऑफिसात येतो, म्हणून 2024 मधला आपला साधा अर्ज 202421 नं सुरू होणार. दुसराच काही नंबर दाखवला तर का, ते विचारा.

अर्ज झाल्यावर पावती मागा. एजंटच्या लेटरहेडवर लिहिलेली नको, पेटंट ऑफिसचीच हवी. 'आयपी इंडिया'च्या सरकारी वेबसाइटवर अर्जाची स्थिती फुकट बघता येते. पत्ता टाइप करताना शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघा. प्रसिद्ध होईपर्यंत आतलं वर्णन दिसत नाही, त्यामुळं "दिसत नाही म्हणजे फसवलं" असा लगेच निष्कर्ष काढू नका. मात्र पावती तुमच्या हातात असलीच पाहिजे.

पावतीपेक्षाही महत्त्वाचा अर्जाचा पहिला फॉर्म. त्यात दोन वेगळ्या जागा असतात. एक 'शोध लावणारा', दुसरी 'अर्जदार'. मालकी अर्जदाराची. शोध लावणारा म्हणून तुमचं नाव छापायचं आणि अर्जदार म्हणून स्वतःच्या कंपनीचं घालायचं, असं केलं की यंत्र तुमचं आणि मालक तो. फॉर्म इंग्रजीत असतो, सही करायची जागा पेन्सिलनं खूण करून दिलेली असते आणि आपण सही ठोकतो. शाळेतल्या मास्तरांना दाखवा, कॉलेजला जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा, पण वाचल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर तर नकोच नको.

पेटंट एजंट कोणालाही होता येत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पेटंट ऑफिसची परीक्षा लागते. नोंदणी झालेल्यांची यादी त्याच सरकारी वेबसाइटवर आहे आणि त्यांचा नंबर 'आयएन/पीए' अशा अक्षरांनी सुरू होतो. नंबर मागा आणि यादीत नाव जुळतंय का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या पासलीत रेंज नसेल तर वेल्ह्याला गेल्यावर करा, पण पैसे पाठवण्याआधी करा.

पेटंट म्हणून दुसरंच काही गळ्यात मारायचीही पद्धत आहे. यंत्राच्या नुसत्या दिसण्याची नोंदणी म्हणजे डिझाइन. एकट्या माणसाला त्याची सरकारी फी 1000 रुपये. नावाची किंवा चिन्हाची नोंदणी म्हणजे ट्रेडमार्क. पुस्तक, चित्र यांचा तो कॉपीराइट. यांपैकी कशानंही यंत्र कसं चालतं ते राखलं जात नाही. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, तिचेही लोक पैसे घेतात. आणि 'जागतिक पेटंट' नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं. आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय आहे, पण तो शेवटी देशोदेशी जाऊन मंजूर करून घ्यावा लागतो. आपला भोंगा जर्मनीत कोण चोरणार आहे, हा विचार आधी करावा.

आधी अर्ज, मग व्हिडिओ

आता माझ्या नुकसानीचं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. जी गोष्ट अर्जाच्या आधीच जगजाहीर झाली ती नवी राहत नाही. यूट्यूबवर, फेसबुकवर यंत्र उघडून आतलं सगळं दाखवलं, की ते आपणच आपल्या हातानं जगाला देऊन टाकलं. माझ्या डब्याचा व्हिडिओ मी स्वतः टाकलेला होता, झाकण काढून, चाळणी दाखवून. कृषी प्रदर्शनाचंही तसंच. सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती गल्लीतल्या प्रत्येक प्रदर्शनाला नाही. फोनवाल्याला व्हॉट्सॲपवर नकाशे आणि मापं पाठवण्याआधीही विचार करा. दाखवणं भागच असेल तर आधी गुप्ततेचा करार स्टॅम्पपेपरवर करून घ्या. वस्तू काय काम करते तेवढं सांगा, आतली रचना सांगू नका.

कशाला पेटंट मिळतच नाही, तेही माहीत हवं. 1970 च्या पेटंट कायद्यात शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट नाही. लावणीचं नवं अंतर, खत द्यायची नवी रीत, याला कोणी पेटंट काढून देतो म्हणाला तर तो खोटं बोलतो. त्यासाठी नवं अवजार केलं असेल तर ते चालतं. माहितीतल्या वस्तू नुसत्या एकमेकींशेजारी जोडून ठेवल्या, त्यालाही नाही. आजीबाईच्या बटव्यातल्या औषधाला नाही. बियाण्याच्या वाणालाही नाही, पण त्यासाठी वेगळा कायदा आहे, 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यात शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते आणि शेतकऱ्याकडून फी घेतली जात नाही.

आपण भाताच्या मुलखातली माणसं, म्हणून एचएमटी तांदळाचं सांगायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अगदी थोड्या जमिनीचे शेतकरी. 1983 मध्ये आपल्या भातात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षं जपून त्यांनी वाण तयार केला. घड्याळाच्या कंपनीवरून त्याला एचएमटी नाव पडलं. हा तांदूळ कितीतरी भागांत पसरला, पण त्यांच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही. कृषी विद्यापीठानं 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावानं वाण प्रसारित केला आणि श्रेय कोणाचं यावर पुढं बरंच बोललं गेलं. 2001 चा कायदा तेव्हा नव्हता. दादाजी 3 जून 2018 ला गेले. आज कोणाच्या खाचरात वेगळी लोंबी दिसली तर तारीख घालून वहीत लिहा आणि मूठभर बी वेगळं ठेवा.

फुकटचा दरवाजा

शाळा फार न शिकलेल्या, कंपनीचा किंवा विद्यापीठाचा आधार नसलेल्या माणसासाठी सरकारची एक संस्था आहे, नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. मार्च 2000 मध्ये सुरू झाली, ऑफिस गुजरातमध्ये गांधीनगरला, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत. आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या हनीबी नेटवर्कमधून ती उभी राहिली. शोध पाठवायला फी नाही. आपली माहिती पुढं कोणाला दाखवायची की नाही याची लेखी संमती ते आपल्याकडून घेतात. शोध नवा ठरला तर पेटंटचा अर्ज आपल्या नावानं करून द्यायला मदत करतात. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांचं सायकलवरचं कोळपं, 'कृषिराजा', याच वाटेनं देशाला माहीत झालं. आडनाव भिसेच, टाइपवाल्यांशी नातं मात्र नाही.

सगळ्यांचंच घेतात असं नाही, उत्तराला वेळही लागतो. पण नाही म्हणणारा माणूस भेटणं हीच तिथली चांगली बाजू.

लहान उद्योगांसाठी केंद्राच्या एमएसएमई विभागाची योजना आहे, त्यात मंजूर झालेल्या भारतीय पेटंटचा खर्च 1 लाखापर्यंत परत मिळू शकतो. "सरकार सगळे परत देतं, तुम्ही फक्त आता भरा" हे वाक्य याच योजनेवरून उचललेलं. शब्द नीट बघा : मंजूर झालेल्या.

पैसे गेलेच असतील तर

ऑनलाइन पाठवले असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही करता येते. फोन नंबर, यूपीआयचा तपशील, चॅट, पावत्या, काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा. जुनं प्रकरण असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण 2 वर्षांच्या आत जावं लागतं. "हा व्यापारी व्यवहार होता" अशी हरकत समोरचा घेईल. पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेल्या कामासाठी सेवा घेतली, असं मांडावं. उघड खोटं सांगून पैसे उकळले असतील तर तो फसवणुकीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तक्रार पोलीस ठाण्यात.

आणि "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी दोन हजार भरा" असा फोन आला, तर तोही त्याच साखळीतला. मला महिन्याभरात आला होता.

मुंबईचं पेटंट ऑफिस म्हणजे बौद्धिक संपदा भवन, एस. एम. रोड, अँटॉप हिल पोस्ट ऑफिसजवळ, पिन 400037. कागदावरचा अर्ज तिथं हातानं देता येतो, पोस्टानंही पाठवता येतो. माझ्या जुन्या डब्याचं आता काही होणार नाही. त्याच्या चाळणीत मी या पावसाळ्यात एक बदल केलाय, तो घरच्यांशिवाय कोणाला दाखवलेला नाही. नाचणी काढून झाली, खळ्यावर एकदा चालवून बघितलं, की 1750 रुपये आणि तात्पुरतं वर्णन घेऊन जायचं ठरवलंय. व्हिडिओ त्यानंतर.